दुकानातलं पिस्तूल

पहिल्या वेळी दोघं आले. ऑगस्टमधली दुपार होती, तीन वाजून गेले होते आणि औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कादंबरी उपासनी आतल्या बाजूला एका म्हाताऱ्या बाईच्या महिनाभराच्या गोळ्या बाटलीत भरत होती. काउंटरवर रीमा होती. दाराची घंटी वाजली आणि पाठोपाठ ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. कादंबरीनं मान वर करेपर्यंत रीमा खाली पडलेली होती. आलेल्या माणसानं पिस्तुलाच्या मुठीनं तिच्या जबड्यावर मारलं होतं, तोंडातून एक शब्दही न काढता.

दुसरा काउंटरवरून उडी मारून आत आला. त्याला दुखण्यावरच्या जालीम गोळ्या हव्या होत्या, ज्या नशेसाठी बाहेर विकल्या जातात. त्या तिजोरीत असतात, आणि आकडे दाबल्यावर तिजोरी लगेच उघडत नाही, दहा मिनिटं थांबावं लागतं. कादंबरीनं हे त्याला शक्य तितक्या शांतपणे सांगितलं. त्यानं तिला पालथं झोपवलं आणि उजवा हात फरशीवर पसरून ठेवायला लावला. थोड्या थोड्या वेळानं तो विचारायचा, "आता?" ती म्हणायची, "अजून नाही." तिसऱ्यांदा तिनं "अजून नाही" म्हटलं तेव्हा त्यानं बुटाची टाच तिच्या बोटांवर ठेवली आणि सगळा भार देऊन फिरवली. बूट तपकिरी होते, टाचेला चिखल वाळलेला होता. चेहरा तिनं पाहिलाच नाही. तिजोरी उघडेपर्यंत ती बूटच पाहत राहिली.

रीमाचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. सहा आठवडे तो तारांनी बांधून ठेवला होता आणि ती स्ट्रॉनं वरणाचं पाणी पीत होती. कादंबरीच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. मधलं बरं झालं. अंगठ्याशेजारचं मात्र ऑपरेशननंतरही अर्ध्यावरच वाकायचं. ते दोघं कधीच सापडले नाहीत.

कादंबरी मूळची अमरावतीची, नागपूरला फार्मसी शिकलेली. लग्नानंतर न्यू जर्सीत आली, इथल्या परीक्षा पुन्हा दिल्या, आणि नऊ वर्षांपूर्वी ट्रेंटन शहराच्या कडेला हे दुकान घेतलं. राहायला वेस्ट विंडसरला, पंधरा मिनिटांवर. नवरा सत्यजित प्रिन्स्टनजवळच्या एका संशोधन संस्थेत होता. रीमा तिच्या मैत्रिणीची, शैलाताईंची मुलगी. इथेच जन्मलेली, सव्वीस वर्षांची, कादंबरीला मावशी म्हणणारी. फार्मसी कॉलेजला जायच्या आधी अनुभव हवा म्हणून आली होती आणि पाच वर्षं राहिली होती.

सप्टेंबरमध्ये एका रविवारी पोहे खाताना कादंबरी म्हणाली, "मी पिस्तूल घेणार आहे."

सत्यजितनं चमचा खाली ठेवला. "घरात?"

"दुकानात. घरात आणणार नाही."

"दुकान विकून टाक ना. कुठल्याही मोठ्या चेनमध्ये तुला उद्या जॉब मिळेल."

"मी विकणार नाही."

"तुला तुझ्या हातानं नीट पेन धरता येत नाही, कादंबरी."

"डाव्या हातानं शिकेन," ती म्हणाली. त्या रात्रीपासून तो झोपेत दचकून उठायला लागला. ती मात्र शांत झोपायची.

न्यू जर्सीत पिस्तूल दुकानात जाऊन सरळ उचलता येत नाही. पोलिसांकडे अर्ज करायचा, बोटांचे ठसे द्यायचे, डोकं ठिकाणावर आहे की नाही ते तपासायला आपल्या वैद्यकीय नोंदी उघडायची परवानगी द्यायची. नात्यात नसलेली दोन माणसं लागतात, हिच्या हाती शस्त्र द्यायला हरकत नाही असं लिहून देणारी. शैलाताईंनी लगेच नाव दिलं. दुसऱ्या नावासाठी कादंबरी शेजारच्या निमिषकडे गेली. तो बराच वेळ बुटाच्या लेसशी खेळत राहिला.

"तुमच्याबद्दल काहीच नाही हो," तो म्हणाला, "पण आमचा एच-वन व्हिसा रिन्यूअलला गेलाय. पोलिसांच्या कुठल्याही फॉर्मवर माझं नाव नको वाटतं."

शेवटी महाराष्ट्र मंडळातले गुरुदत्त काका तयार झाले. निवृत्त केमिस्ट, सत्तरी ओलांडलेले. सही करायच्या आधी त्यांनी एकच विचारलं, "कोणावर राग धरून घेत नाहीस ना?"

"नाही, काका," ती म्हणाली. हे खोटं होतं. तिला रोज ते तपकिरी बूट दिसायचे.

परवाना डिसेंबरात आला.

रूट वन या हायवेच्या बाजूला नेमबाजीच्या सरावाची एक रेंज होती आणि तिथेच विक्रीही होती. मालक वाल्टर नावाचा पासष्टीचा ऑस्ट्रियन माणूस होता. तिकडे लिन्झ शहरात त्याचं घड्याळांचं आणि दागिन्यांचं दुकान होतं. तीस वर्षांपूर्वी बायकोच्या माहेरच्या ओढीनं तो इकडे आला होता. त्यानं कादंबरीचा उजवा हात आपल्या हातात घेऊन बोटं एक-एक करून वाकवून पाहिली, डॉक्टरसारखी.

"बरोबर घेऊन फिरणार आहात का?" त्यानं विचारलं.

"त्याचा वेगळा परवाना लागतो ना?"

"वेगळा अर्ज, वेगळी परीक्षा, आणखी चार माणसं. आणि मिळाला तरी शाळेत नाही, बागेत नाही, वाचनालयात नाही. यादी लांब आहे. स्वतःच्या दुकानात ठेवायला मात्र तो लागत नाही. घरून दुकानात नेताना रिकामं, कुलपाच्या पेटीत, गाडीच्या डिकीत. वाटेत कुठे रेंगाळायचं नाही."

"मग फिरवणार नाही. दुकानात राहील."

वाल्टरनं मान हलवली. "मग तुम्ही माझ्यासारख्याच आहात. लिन्झला मी दोनदा लुटला गेलो. शस्त्र जवळ बाळगण्याचा परवाना मागितला. आधी मानसशास्त्रज्ञाकडे पाठवलं, त्यानं माझ्या आईबद्दल विचारलं. मग पोलीस घरी येऊन कपाट बघून गेले. शेवटी म्हणाले, घरात ठेवा, दुकानात ठेवा, पण रस्त्यावर नाही. तुम्हाला गरज आहे हे सिद्ध होत नाही. माझ्या डोक्यात चौदा टाके होते."

"तुम्हाला राग आला असेल."

"खूप. पण त्यामुळे निवड सोपी झाली. लोक पहिलं पिस्तूल छोटं घेतात, खिशात मावणारं. छोटं पिस्तूल हातात उसळतं, नेम लागत नाही. तुम्हाला लपवायचंच नाही, तर छोटं कशाला?"

त्यानं तीन ठेवली. पहिलं तळहाताएवढं. तिनं डाव्या हातानं एकच गोळी झाडली आणि मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. दुसरं रिव्हॉल्व्हर, ज्याचं चक्र फिरतं. त्याचा घोडा इतका जड होता की ओढता ओढता नळीचं तोंड खाली झुकायचं. तिसरं लांब, पोलादी, किलोभर वजनाचं. त्याचा वरचा भाग मागे खेचायला ताकद कमी लागत होती. उजव्या तळहाताचा मनगटाजवळचा भाग लावून तिला तो खेचता आला, मोडक्या बोटाला त्रास न होता. गोळी झाडली तेव्हा ते जागच्या जागी फक्त थोडं हललं.

"हे," ती म्हणाली.

"हे," वाल्टर म्हणाला. "एक सांगतो. मी माणसावर कधी झाडलेली नाही. झाडल्यावर काय होतं, ते मला विचारू नका. मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं बोलणाऱ्यांचं ऐकू नका."

ती आठवड्यातून दोनदा जायची, जेवणाच्या सुट्टीत. फेब्रुवारीपर्यंत दहा पावलांवरून तिच्या सगळ्या गोळ्या बशीएवढ्या जागेत बसायला लागल्या. समोर कागदावर नुसती माणसाची आकृती असायची. कादंबरी मनातल्या मनात तिला बूट घालायची.

जानेवारीत रीमा कामावर परतली. बोलताना तिचा जबडा डावीकडे थोडा सरकायचा. कादंबरीनं तिला औषधांच्या खोलीतल्या भिंतीला बोल्टनं ठोकलेली पोलादी पेटी दाखवली. बोटांनी चार बटणं दाबली की ती उघडायची.

"गुड," रीमा म्हणाली. "फक्त एक सांग, मावशी. वेळ आली तर तू फ्रीझ नाही ना होणार?"

"नाही होणार."

"कारण मी फ्रीझ झाले होते. मी नुसती पडून राहिले."

"तुझा जबडा मोडला होता, रीमा."

"तरी."

दुसऱ्या वेळी एकटाच माणूस आला. मार्चमधला मंगळवार, सकाळचे अकरा, बाहेर लख्ख ऊन. कादंबरी औषधांच्या खोलीत खोकी उघडत होती. तिला घंटी ऐकू आली, मग रीमाचा आवाज, नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत: "ओके. ओके. ओके." दार हातभर उघडं होतं. फटीतून तिला दिसलं, तोंडाला फडकं बांधलेला एक उंच, वाळका माणूस काउंटरच्या आत आला होता. रीमाचे केस त्यानं मुठीत धरले होते आणि पिस्तुलाची नळी तिच्या कानाखाली, बरोबर त्या मोडलेल्या हाडावर दाबली होती. रीमाची मान वाकडी झाली होती. तो ओरडत होता, तिजोरी, तिजोरी, आणि प्रत्येक शब्दाला तिचं डोकं शेल्फच्या कडेवर आपटत होता. तिसऱ्या वेळी कपाळ फुटलं आणि रक्त तिच्या डोळ्यात उतरलं.

कादंबरीनं चार बटणं दाबली. पेटी उघडली. उजव्या तळव्यानं पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचला आणि सोडला. तो खटका त्या माणसानं ऐकला असावा, कारण तो वळला. वळताना रीमा गुडघ्यांवर घसरली, तो उघडा पडला आणि त्याची नळी दाराकडे आली.

तिनं दोनदा झाडली. पहिली गोळी त्याच्या उजव्या मांडीत, वरच्या बाजूला शिरली. दुसरी त्याला चुकवून इन्सुलिनच्या फ्रीजच्या काचेत गेली. बंद जागेत आवाज इतका मोठा झाला की पुढचं सगळं तिला पाण्याखालून ऐकू आल्यासारखं झालं. तो माणूस बसकण मारल्यासारखा खाली आला, आणि पडता पडता त्याच्या पिस्तुलातून गोळी सुटली. ती गोळी रीमाच्या पोटरीतून आरपार गेली.

कादंबरीनं पुढे होऊन त्याचं पिस्तूल लाथेनं लांब ढकललं. मग तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं. कॅनव्हासचे पांढरे स्वस्त बूट होते. एकाचा तळ सुटलेला होता.

रीमा शेल्फला टेकून बसली होती, दोन्ही हातांनी पोटरी दाबून. बोटांमधून रक्त ओघळत होतं. त्या माणसाचं मात्र ओघळत नव्हतं, त्याच्या जीन्समधून ठोक्याठोक्याला उसळत होतं आणि फरशीवर हातभर लांब उडत होतं. कादंबरीनं दोघांकडे एकेकदा पाहिलं. मग ती त्या माणसाशेजारी बसली, आपला गुडघा त्याच्या जांघेत रोवला आणि सगळा भार त्यावर टाकला. तो किंचाळला. तिनं पिस्तूल बाजूला ठेवलं, डाव्या हातानं त्याचा पट्टा ओढून काढला आणि जखमेच्या वर मांडीला आवळायला लागली. उजवं बोट वळत नव्हतं, म्हणून पट्ट्याचं टोक तिनं दातांत धरलं. तोंडात त्याचं रक्त आलं, खारट आणि कोमट.

"मावशी," रीमा म्हणाली. "मावशी, मला लागलंय."

"दाबून धर. दोन्ही हातांनी. आणि फोन लाव."

"व्हॉट आर यू डुइंग? सोड त्याला."

"रीमा, फोन लाव."

"सोड ना. मरू दे. ही वॉज गोइंग टु किल मी." ती फरशीवरून सरपटत आली आणि चांगल्या पायानं तिनं त्या माणसाच्या तोंडावर लाथ मारली. एक, मग आणखी एक. त्याच्या तोंडावरचं फडकं निघालं आणि लाल झालेले पुढचे दात दिसले. पन्नाशीचा, दाढीचे पांढरे खुंट वाढलेला माणूस होता. तो रडत होता आणि कोणाला तरी मॉम, मॉम म्हणत होता. तिसऱ्या लाथेला कादंबरीनं कोपर मध्ये घातलं, ती लाथ तिच्या दंडावर बसली. गुडघा तिनं हलवला नाही.

फोन शेवटी समोरच्या लॉन्ड्रीवाल्या बाईनं केला. पोलीस आत आले तेव्हा रीमा भिंतीशी होती, डोळे मिटून, आणि कादंबरी तशीच त्या माणसावर गुडघा रोवून बसलेली होती. पिस्तूल खाली कुठे आहे, ते तिनं त्यांना बोटानं दाखवलं. पॅरामेडिकनं तिला खांद्याला धरून उठवलं तेव्हा तिचा पाय सरळ होईना.

त्याचं नाव ग्लेन होतं. छपरं घालणारा कामगार, सहा वर्षांपूर्वी छपरावरून पडून पाठ मोडलेली, मग गोळ्यांची सवय. ऑगस्टमधल्या दोघांशी त्याचा काही संबंध नव्हता. तेव्हा तो दुसऱ्या एका गुन्ह्यासाठी पेनसिल्व्हेनियात तुरुंगात होता. ही माहिती देणारी पोलीस अधिकारी म्हणाली, "तुमच्या नवऱ्याला सांगा, तुम्ही योग्य तेच केलंत. तो काळजीत दिसतोय." सत्यजित बाहेर बाकावर दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. ती आल्यावर त्यानं रुमाल ओला करून तिची हनुवटी पुसली. रक्त वाळलं होतं, निघायला वेळ लागला.

ग्लेन जगला, त्याचा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. सरकारी वकिलांनी तीन महिन्यांनी कळवलं की कादंबरीवर कुठलाही खटला होणार नाही. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काहींनी तिला वाघीण म्हटलं. एकानं लिहिलं की गोळी जरा वर लागली असती तर बरं झालं असतं. कादंबरी ग्रुपमधून बाहेर पडली.

त्याआधी, रीमा हॉस्पिटलात असताना, कादंबरी तिला भेटायला गेली, तेव्हा शैलाताई दाराबाहेर उभ्या होत्या. त्यांनी आत जाऊ दिलं नाही.

"ती म्हणते, तू आधी त्याच्याकडे गेलीस."

"हो, शैलाताई."

"माझी मुलगी तिथे रक्तात पडली होती. तुझ्या भरवशावर पाठवली होती मी तिला. तुझ्या फॉर्मवर सही केली होती मी."

"तिचं रक्त वाहत होतं, त्याचं उडत होतं. तो तीन मिनिटांत गेला असता. ती जाणार नव्हती."

"हे तू दोन सेकंदांत ठरवलंस?"

कादंबरीला सांगायचं होतं की ठरवलं नव्हतं, हात आपोआप गेले. पण ते खरं आहे की नाही, याची तिची तिलाच खात्री नव्हती. तिनं पाहिलं होतं, दोघांकडे पाहिलं होतं. ती खाली मान घालून परत आली.

रीमा दुकानात पुन्हा आली नाही. तिच्या जागी अनुष्का नावाची मुलगी आली, पार्टटाइम. काउंटरला जाड काच बसवली. नव्या फ्रीजचा दरवाजा पोलादी घेतला.

ऑक्टोबरात ग्लेननं गुन्हा कबूल केला आणि त्याला बारा वर्षं झाली. त्या दिवशी रीमाला कोर्टात बोलायचं होतं. ती वाचायला लिहून घेऊन आली होती, पण दोन वाक्यांनंतर तिनं कागद घडी केला आणि खाली बसली. ग्लेन व्हीलचेअरमध्ये होता. त्यानं कोणाकडेच पाहिलं नाही.

नंतर कॉरिडॉरमधल्या बाकावर कादंबरी एकटी बसली होती, तिथे रीमा येऊन बसली. दोघींमध्ये एका माणसाची जागा होती.

"मला वाटायचं," रीमा म्हणाली, "तू ती गोळी माझ्यासाठी झाडलीस. आय रिअली बिलीव्ह्ड दॅट. आणि मग तू माझ्याकडे पाठ केलीस."

"गोळी तुझ्यासाठी नव्हती झाडली मी. खरं सांगते. ज्यानं माझी बोटं मोडली, तोच आहे असं धरून झाडली. चार महिने मी त्यालाच मारत होते तिकडे रेंजवर. खाली पडल्यावर कळलं, हा दुसराच कोणीतरी आहे."

"म्हणून त्याला वाचवलंस? गिल्टी वाटलं म्हणून?"

"तो ऑगस्टवाला असता, तर मी गुडघा ठेवला असता की नाही, मला माहीत नाही. सात महिने विचार करतेय. अजून माहीत नाही."

रीमा म्हणाली, "मी त्याला लाथा मारल्या. त्याचे दोन दात पडले. मी ते कागदावर लिहिलं होतं, पण वाचता नाही आलं." ती पोटरी चोळत होती. "आईनं मला ड्रॉप केलं आणि ती कामावर गेली. मी उबर बोलावणार होते."

"मी सोडते."

एडिसनला रीमाच्या घरापर्यंत चाळीस मिनिटं लागली. रेडिओ लावावा की नाही, याचा विचार करत कादंबरीनं तो लावला नाही. वाटेत वाल्टरच्या रेंजची पाटी मागे गेली. तिचं पिस्तूल पोलिसांकडे पुरावा म्हणून होतं आणि आता ते परत न्यायला या, असं पत्र तिला आलं होतं. तिनं अजून काही ठरवलेलं नव्हतं.

घरापुढे गाडी थांबल्यावर रीमानं दार उघडलं आणि एक पाय बाहेर ठेवून ती तशीच बसली.

"मी अजून चिडलेलीच आहे, मावशी. आईपेक्षा जास्त."

"राहा ना चिडलेली," कादंबरी म्हणाली. "मी कुठे जात नाहीये."

रीमानं मान हलवली, दुसरा पाय हातानं उचलून बाहेर घेतला आणि हळूहळू घराकडे चालत गेली.